नर्सची दुसरी शाळा

स्मरणिकेसाठी इतिहासावर एक लेख दे, असं संपादक मंडळाने सांगितलं. जगन्नाथ टेकडीवरचा स्तूप, किल्ल्याचा दरवाजा, वैनगंगेवरचे घाट यांवर माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे आपल्या शाळेत शिकले आहेत आणि आपल्याला शिकवूनही गेले आहेत. तो प्रांत त्यांचा. मी निवडलेला इतिहास आपल्या शाळेच्या जुन्या हजेरीपटात सापडतो, आणि तो अजून चालूच आहे.

आमच्या वर्गातल्या मुलींपैकी इंजिनीअर झालेली मी एकटी. नर्स झालेल्या पाच. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर मागच्या-पुढच्या बॅचच्या मैत्रिणींना विचारलं, तर सगळीकडे साधारण हेच प्रमाण निघालं: कुठे तीन, कुठे सहा. पवनी, अड्याळ, भिवापूर, लाखांदूर या पट्ट्यातल्या मुलींनी गेली चाळीस वर्षं निम्म्या विदर्भाचे वॉर्ड सांभाळले आहेत, असं मी म्हटलं तर ती फार मोठी अतिशयोक्ती होणार नाही. तरी आपल्या गॅदरिंगला सत्कार व्हायचा तो मेडिकलला नंबर लागलेल्याचा आणि इंजिनीअरिंगला गेलेल्याचा. त्या काळी घरोघरी ऐकू येणारं एक वाक्य सगळ्यांना आठवत असेल: डॉक्टर नाही तर नर्स तरी हो. गुरुजन रागावणार नाहीत या भरवशावर लिहिते, हे वाक्य आपण वर्गातही ऐकलं आहे. त्यातला ‘तरी’ माझ्या डोक्यात बरीच वर्षं राहिला. हा ‘तरी’ आला कुठून, हे शोधताना मी नर्सिंगच्या शिक्षणाच्या इतिहासात शिरले.

आधी पायऱ्या सांगते, कारण बाहेरच्यांना गणवेशातल्या सगळ्याच ‘नर्सबाई’ वाटतात. गावच्या उपकेंद्रात असते ती एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका प्रसाविका. तिला आता आरोग्यसेविका म्हणतात. पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, आदिवासी आणि डोंगराळ भागात तीन हजारांमागे एक, असा सरकारी हिशेब आहे. रुग्णालयाच्या वॉर्डात असते ती जीएनएम झालेली. शासनाच्या कागदावर तिचं नाव अधिपरिचारिका. तिच्या वर परिसेविका, म्हणजे वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, आणि सर्वांत वर अधिसेविका, म्हणजे मेट्रन. नर्सिंगच्या शाळेत शिकवते ती पाठ्यनिर्देशिका. जीएनएम ही पदविका. आमच्या पिढीला ती साडेतीन वर्षांची होती, २०१५ च्या सुमारास तीन वर्षांची झाली. पदवी म्हणजे बीएस्सी नर्सिंग, बारावीनंतर चार वर्षं. आणि जी आधी पदविका घेऊन नोकरीला लागली तिला पुढे पदवी हवी असेल, तर ‘पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग’, आणखी दोन वर्षं. पाठीशी नोकरी, पोटाशी लेकरं आणि हातात पुन्हा वही, अशी ही दोन वर्षं. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

ही दोन वर्षं का लागतात, याचं उत्तर नर्सिंगची शाळा मुळात कुठे उघडली यात आहे. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चं, मुंबई विद्यापीठ १८५७ चं. तिथून डॉक्टर होणाऱ्याला विद्यापीठाची पदवी मिळू लागली. नर्सची शाळा मात्र रुग्णालयाच्या पोटात जन्मली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या नावे १८६० मध्ये शाळा सुरू झाली आणि जगभर तोच नमुना पसरला. मुली वसतिगृहात राहायच्या, वॉर्ड सांभाळत शिकायच्या, आणि शेवटी रुग्णालय त्यांना प्रमाणपत्र द्यायचं. रुग्णालयाला त्यातून अगदी स्वस्तात कामाचे हात मिळत. आपल्याकडे १८८० नंतरच्या दशकात मुंबईत जे. जे. आणि कामा रुग्णालयाच्या काळात हेच शिक्षण रुजलं. १८९१ मध्ये प्रशिक्षणाला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव भारतीय नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत पहिली भारतीय नर्स म्हणून येतं. जे. जे.च्या आवाराचा विचार केला की मला नेहमी एक चित्र दिसतं. एकाच रोग्याच्या खाटेच्या एका बाजूला उभा असलेला विद्यार्थी विद्यापीठाचा, आणि दुसऱ्या बाजूला उभी असलेली विद्यार्थिनी रुग्णालयाची. त्याचं शिक्षण हे शिक्षण, तिचं शिक्षण ही नोकरीची तयारी.

नाइटिंगेलबाईंबद्दल एक गोष्ट शाळेच्या धड्यात नव्हती, ती इथे सांगून टाकते. हातात दिवा घेतलेली बाई एवढंच आपण पाठ केलं. प्रत्यक्षात ती पक्की आकडेमोड करणारी बाई होती. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा रोगराईने किती सैनिक मेले, हे तिने वर्तुळाकार आलेख काढून राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं, आणि लंडनच्या सांख्यिकी संस्थेची ती पहिली स्त्री सदस्य झाली. आज आम्ही संगणकावर ज्याला डॅशबोर्ड म्हणतो ते काम तिने दीडशे वर्षांपूर्वी शाईने केलं होतं. तिच्या नावाच्या शाळांनी दिवा ठेवला, आकडे मागे पडले. पुढे याचा संबंध येणार आहे.

महाराष्ट्रात या पेशात ज्या बायका पहिल्यांदा आल्या त्यांत विधवा पुष्कळ होत्या. १९०९ मध्ये पुण्यात रमाबाई रानड्यांनी सेवासदन उभं केलं आणि तिथल्या स्त्रियांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. परक्या माणसाचं अंग पुसायचं, कुठल्या जातीचा रोगी ते पाहायचं नाही, रात्री घराबाहेर राहायचं. पुण्याच्या वाड्यांतून यावर काय बोललं गेलं असेल ते सांगायला नको. आपल्या नागपूरकडचं उदाहरण त्याहून जवळचं. कमलाताई होस्पेट लहान वयात विधवा झाल्या, नागपूरच्या डफरिन रुग्णालयात नर्सिंग शिकल्या, आणि १९२१ मध्ये वेणूताई नेने यांच्या सोबतीने त्यांनी मातृसेवा संघ सुरू केला. पुढे या संस्थेच्या शाखा विदर्भभर झाल्या, समाजकार्याचं महाविद्यालयही निघालं. सीताबर्डीच्या मातृसेवा संघात जन्मलेली मंडळी ही स्मरणिका वाचणाऱ्यांत नक्की असतील. कमलाताईंना १९६१ मध्ये पद्मश्री मिळाली. एका प्रशिक्षित नर्सने केवळ आपल्या हातच्या विद्येवर केवढी संस्था उभी केली, हे पाहिलं की वाटतं, पदवीवाचून कुणाचं अडत होतं? कमलाताईंचं अडलं नाही. पण प्रत्येक नर्स कमलाताई होस्पेट असावी अशी अट घालून पेशा चालत नाही. बाकीच्या हजारोंचं अडतच होतं. परिसेविका होणं, शिकवायला लागणं, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या टेबलापाशी बसणं, या सगळ्याच्या आड तो एक कागद येत होता.

स्वातंत्र्याच्या तोंडावर सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याचा पंचनामा केला. १९४६ चा तो अहवाल. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सुमारे तीस कोटी लोकांसाठी तेव्हा डॉक्टर होते साडेसत्तेचाळीस हजार, आणि नर्स फक्त सात हजार. म्हणजे ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० माणसांमागे एक नर्स. आकडे पुन्हा वाचावेत. जगात सर्वसाधारणपणे डॉक्टरांपेक्षा नर्स जास्त असतात, आपल्याकडे सात डॉक्टरांमागे एक नर्स होती. समितीने नर्सची संख्या वाढवायला सांगितलं आणि विद्यापीठाची पदवीही सुचवली. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी महाविद्यालयं सुरू झाली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस भारतीय नर्सिंग परिषदेचा कायदा झाला. आपला भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, नंतर मध्य प्रदेशात, १९५६ नंतर द्वैभाषिक मुंबई राज्यात. मुंबईत नर्सच्या नोंदणीचा कायदा १९३५ पासून होता. सगळ्या महाराष्ट्राला एक कायदा मिळाला तो १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने.

दिल्ली-वेल्लोरची पदवी ताज्या मुलींसाठी होती, शाळा संपवून थेट येणाऱ्या. आधीच वॉर्डात असलेल्या बाईने काय करायचं, हा प्रश्न शिल्लक राहिला. हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचा नव्हता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात १८९९ मध्येच नोकरीतल्या, शिकलेल्या नर्ससाठी अभ्यासक्रम निघाला होता, आणि तिथेच १९०७ मध्ये अॅडलेड नटिंग ही जगातली पहिली नर्स-प्राध्यापक झाली. आपल्याकडे ती वाट साठ वर्षांनी आली. मधल्या काळात वॉर्डाचं प्रशासन आणि अध्यापन शिकवणारे छोटे पदविका अभ्यासक्रम होते. ते करून बाई मेट्रन व्हायची, सिस्टर ट्यूटर व्हायची, पण विद्यापीठाच्या लेखी ती बारावीच्या वर गेलेली नसायची. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिरुअनंतपुरमला पदविकाधारक नर्ससाठी दोन वर्षांची पदवी सुरू झाली. विदर्भातल्या जुन्या रुग्णालयांत मल्याळी सिस्टर इतक्या कशा, असं आपण लहानपणी विचारायचो. त्याचं एक उत्तर केरळने ही शिडी लवकर टेकवली यातही असावं, असं मला वाटतं.

महाराष्ट्रात १९६४ मध्ये मुंबईला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय सुरू झालं. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. सेवासदनाच्या विधवा नर्सना विद्यापीठाने दार उघडलं नव्हतं. ते पुढे उघडलं कर्व्यांच्या विद्यापीठाने, हा योगायोग नसावा. स्त्रीच्या हातातल्या कामाला विद्या मानायची सवय त्या घराण्यात होती.

आता माझ्या पेशातला एक हिशेब मांडते. आपल्या शाळेतून दहावी होऊन जे पॉलिटेक्निकला गेले, त्यांना तीन वर्षांच्या पदविकेनंतर इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. दहावीनंतर त्यांची वर्षं तीन अधिक तीन, सहा. माझ्यासारख्या बारावी करून गेलेल्यांची दोन अधिक चार, सहा. हिशेब चोख. कुठल्याही वाटेने या, चढण सारखीच. आता नर्सचा हिशेब. बारावी करून थेट पदवीला गेली तर चार वर्षं. बारावी करून आमच्या वेळची जीएनएम केली आणि मग पोस्ट बेसिक, तर साडेतीन अधिक दोन, साडेपाच वर्षं. एकच पदवी, एकाच कामासाठी, दीड वर्ष जास्त. शिवाय मधली दहा-पंधरा वर्षं जी तिने वॉर्डात घातली ती कुठेच धरलेली नाहीत. जीएनएम तीन वर्षांची झाल्यावर हा फरक एक वर्षावर आला, मिटला नाही. मी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा कुठेतरी चुकत असेल म्हणून पुन्हा मांडला. चुकत नव्हता. इंजिनीअरचं पॉलिटेक्निक पहिल्यापासून शिक्षण खात्याचं अपत्य होतं, त्यामुळे विद्यापीठाने त्याची वर्षं नातेवाइकाची म्हणून मोजून घेतली. नर्सची शाळा रुग्णालयाची. तिची वर्षं मोजायला विद्यापीठाकडे मापच नव्हतं. त्या ‘तरी’चं मूळ मला इथे सापडतं.

अनुभवाला थोडं माप मिळालं ते १९९४ मध्ये. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने नोकरीतल्या नर्ससाठी दूरशिक्षणाने पोस्ट बेसिक बीएस्सी सुरू केली. बारावी आणि जीएनएम असेल तर दोन वर्षांचा अनुभव हवा. दहावीवरच जीएनएम केलेली असेल तर पाच वर्षांचा अनुभव चालेल. म्हणजे पाच वर्षांचा वॉर्ड जणू बारावीची जागा घेत होता. जुन्या काळी दहावीवर नर्सिंगला गेलेल्या आपल्या शाळेच्या कितीतरी मोठ्या ताईंसाठी हा नियम किती मोठा होता, हे ज्यांनी बारावीच्या फाटकापाशी अडलेली माणसं पाहिली आहेत त्यांना कळेल. कमीत कमी तीन वर्षं लागत, नोकरी सोडावी लागत नसे, पण अभ्यासकेंद्राच्या रुग्णालयात प्रात्यक्षिकांना मात्र हजर राहावंच लागे. माध्यम इंग्रजी. प्रवेश परीक्षाही होती. पवनी, उमरेडकडच्या बाईला त्यासाठी नाईट ड्युटी संपवून सकाळची एसटी धरावी लागे. आणि आपली नागपूर-नागभीडची छोटी गाडी वेळेवर येईलच याची खात्री तर तिच्या ड्रायव्हरलाही नसे. (तीही २०१९ मध्ये बंद झाली, ब्रॉडगेजसाठी.)

१९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालं आणि राज्यातली बहुतेक नर्सिंग महाविद्यालयं त्याच्या छत्राखाली आली. त्यामुळे नियमित दोन वर्षांची पोस्ट बेसिक विदर्भातही करता येऊ लागली. नागपूरच्या मेडिकलला जोडलेल्या शासकीय महाविद्यालयातही ती आहे. पण नियमित म्हणजे नियमित. रोज वर्ग, रोज क्लिनिकल, ऐंशी टक्क्यांच्या घरातली हजेरी. नोकरीतल्या बाईने हे करायचं तर दोनच रस्ते: शासनाने प्रतिनियुक्तीवर पाठवलं तर पगार चालू, नाहीतर रजा. महाराष्ट्राच्या १९८१ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. तरतूद असणं आणि वॉर्डात चार पदं रिकामी असताना मेट्रनने अर्जावर सही करणं, यांत अंतर असतं. १९८७ मध्ये सरोजिनी वरदप्पन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चाधिकार समितीने पदविकाधारकांसाठीची ही पदवी चालूच राहायला हवी असं स्पष्ट म्हटलं होतं. माझं मत असं झालं आहे की या साऱ्या इतिहासात प्रवेशाच्या नियमापेक्षा रजेचा नियम महत्त्वाचा ठरतो. दार उघडं असून भागत नाही, दारापर्यंत जायला कुणीतरी सुट्टी द्यावी लागते.

आमच्या वर्गातली एक मैत्रीण या वाटेने गेली. नाव लिहू नकोस म्हणाली, म्हणून लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. विज्ञानाच्या प्रयोगवहीत बेडकाची सगळ्यात सुबक आकृती तिची असायची, एवढी खूण पुरे. एका सरकारी रुग्णालयात सोळा वर्षं अधिपरिचारिका म्हणून काम केल्यावर अडतिसाव्या वर्षी तिचा नंबर प्रतिनियुक्तीच्या यादीत लागला. त्याआधी दोनदा यादीतून नाव मागे पडलं होतं, एकदा माणसं कमी म्हणून आणि एकदा सासूबाईंच्या आजारपणामुळे तिनेच नाही म्हटलं म्हणून. मुलगा सातवीत, मुलगी चौथीत. नवरा शेतीवर. घरून पहिली प्रतिक्रिया आली ती अशी: “आता काहाले शिकतेस वं? नोकरी तं हाये ना!” ती सांगते, या प्रश्नाचं उत्तर तिला त्या वेळी खरंच देता आलं नाही. पगार लगेच वाढणार नव्हता. दोन वर्षं नागपूरला खोली करून राहायचं, शनिवारी रात्री पवनीला यायचं, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत.

पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकातला पहिला विषय होता ‘नर्सिंग फाउंडेशन’. सोळा वर्षं नोकरी केलेल्या बाईला नर्सिंगची पायाभरणी! वर्गात तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान शिक्षिका अंथरूण कसं घालायचं ते शिकवत होत्या. ती हसत हसत सांगते, पण सांगताना थोडी थांबते. पायाभरणीनंतर बायोकेमिस्ट्री आली, मायक्रोबायोलॉजी आली, आणि तिथे मात्र गंमत गेली. जीएनएमच्या वेळी ज्या गोष्टी ‘असं करायचं’ म्हणून शिकवल्या होत्या, त्या ‘असं का’ म्हणून पुढे येऊ लागल्या. कुठलं सलाइन का, कुठलं अँटिबायोटिक किती वेळाने का. तिचं म्हणणं, इतकी वर्षं हात बरोबर चालत होते, डोकं मागून येत होतं, ते आता हातांच्या बरोबरीला आलं. इंग्रजी हा खरा डोंगर. आपण मराठी माध्यमाचे. वॉर्डातलं इंग्रजी तिला तोंडपाठ होतं, पण परीक्षेत दहा मार्कांचं उत्तर सलग वाक्यांत लिहायचं म्हणजे वेगळं. तिने एक युक्ती केली. आधी पूर्ण उत्तर मराठीत लिहायची, मग रात्री बसून एकेक वाक्य इंग्रजीत करायची. त्या वह्या तिने जपून ठेवल्या आहेत, मी पाहिल्या आहेत. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर इंग्रजी, आपल्या प्रयोगवहीसारख्याच नेटक्या.

दुसऱ्या वर्षी संशोधन आणि संख्याशास्त्र हा विषय होता. तिथे मी उपयोगाला आले. रात्री दहाला व्हिडिओ कॉल, स्टँडर्ड डेव्हिएशन आणि काय-स्क्वेअर. पहिल्या दोन-तीन कॉलांत ती हैराण होती. मग मी तिला विचारलं, तुझ्या प्रसूती वॉर्डाच्या रजिस्टरमध्ये काय काय रकाने असतात? ती भराभर सांगत गेली: वय, कितवी खेप, हिमोग्लोबिन, बाळाचं वजन, प्रसूतीची वेळ. मी म्हटलं, हीच तुझी सारणी. फोनवर थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, सोळा वर्षं मी हे रजिस्टर भरते आहे, महिन्याच्या शेवटी बेरीज करून वर पाठवते, आणि वर त्याचं काय होतं ते मला कुणी सांगितलं नाही. तिच्या गटाचा प्रकल्प बाळंतिणींना पहिल्या दुधाविषयी काय माहीत आहे यावर होता. प्रश्नावली मराठीत केली होती, आणि त्यातले दोन प्रश्न तिने बदलायला लावले, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे आपल्याकडची बाई असं कधीच बोलत नाही. वर्गातल्या बाकीच्यांना हे सुचलं नव्हतं. मला त्या रात्री नाइटिंगेलबाईंचे आलेख आठवले.

ती पहिल्या वर्गात पास झाली. आज ती एका नर्सिंग शाळेत पाठ्यनिर्देशिका आहे. तिच्या वर्गात अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली बसतात, त्यांतल्या काही आपल्याच तालुक्यातल्या. अंथरूण घालायला ती अजूनही स्वतः शिकवते.

दरम्यान जग सरकलं. उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली आणि तिथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवं पद आलं. आयुर्वेदाच्या पदवीधरांबरोबर नर्सिंगच्या पदवीधरांनाही सहा महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन तिथे जाता येतं. म्हणजे जी पदवी शहरातल्या मेट्रनच्या खुर्चीसाठी लागायची ती आता थेट गावातल्या केंद्रापर्यंत पोचली. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा कायदा केला आणि १९४७ चा जुना कायदा बाजूला सारला. नवा आयोग वॉर्डातली वर्षं कोणत्या मापाने मोजतो, याकडे आमच्या पाचही जणींचं लक्ष आहे.

त्या पाचांतली एक एएनएम आहे, गोसेखुर्दच्या पाण्यामुळे उठून नव्या जागी वसलेल्या गावांकडच्या एका उपकेंद्रात. पंचवीस वर्षांत तिने किती बाळंतपणं केली याचा आकडा तिच्याकडे नाही, पण रस्त्याने जाताना लग्नाला आलेली पोरं तिला ‘बाई’ म्हणून वाकून नमस्कार करतात. हा लेख लिहिते आहे म्हटल्यावर तिने फोन केला आणि विचारलं, तुझ्या त्या हिशेबात माझं काय बसतं ते काढून दे. मी काढून दिलं. एएनएमची दीड वर्षं तिची झालेलीच आहेत. नोंदणी झालेल्या एएनएमला जीएनएमला प्रवेश मिळतो, आणि बाकीच्यांना असलेली पस्तीसची वयोमर्यादा तिला नाही. पण जीएनएम पहिल्या वर्षापासूनच करावी लागते, एक दिवसही कमी नाही. तीन वर्षं. त्यावर पोस्ट बेसिक, दोन वर्षं. जुनी दीड धरून पदवीपर्यंत साडेसहा, चार वर्षांच्या पदवीसाठी. निवृत्तीला तिची चौदा वर्षं उरली आहेत.

हिशेब मेसेजवर पाठवला. दोन दिवस निळ्या खुणा नुसत्याच दिसत होत्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: फॉर्म कधी निघतात ते पाहून ठेव, रोवणी झाली की बोलू.